मामाची मांडी

अंगदनं फूटपाथवर पडलेलं फळ उचललं, पँटवर घासलं आणि देठाजवळ अंगठ्याचं नख खुपसून साल सोलली. साल मोसंबीपेक्षा सैल निघाली. वास मात्र चांगला होता. त्यानं एक अख्खी फोड तोंडात टाकली, दातांखाली दाबली आणि तसाच उभा राहिला. आधी आंबट, आणि मग जिभेच्या मुळापर्यंत कडू.

गेल्या तीन चौकांपासून तो स्वतःला आवरत आला होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना ओळीनं हीच झाडं होती, गर्द हिरवी, केशरी फळांनी वाकलेली. खाली फळांचा सडा पडलेला. माणसं ती चुकवत कामाला जात होती, कुणी वाकत नव्हतं. केदारखेड्याला त्यांची मोसंबीची दीडशे झाडं होती. दोन उन्हाळे त्यानं आणि आईनं बैलगाडीवर टाकी ठेवून ती जगवली होती. पडलेलं फळ ओलांडून जायची त्याच्या पायांना सवय नव्हती.

मागून कुणीतरी हसलं.

एका दुकानाच्या दारात साठीचा एक माणूस चहाचा छोटासा काचेचा पेला धरून उभा होता. अंगात पांढरा कोट, वरच्या खिशात कंगवा. त्यानं झाडाकडे बोट दाखवलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि मान हलवली.

"योक, योक."

मग तो आत गेला, साखरेचे दोन चौकोनी खडे घेऊन आला आणि अंगदच्या तळहातावर ठेवून म्हणाला, "चाय?"

तेवढा एक शब्द अंगदला कळला. पण त्याचं लक्ष त्या माणसाच्या मागं काचेवर होतं. तिथं कात्रीच्या चित्राखाली वायफायची खूण चिकटवलेली होती.

मनगटावर नऊ वाजून सात मिनिटं झाली होती. त्यानं अडीच तास मिळवले. भोकरदनला अकरा सदतीस. मुहूर्त बाराचा.

जहाज काल सकाळी या शहराच्या, मर्सिनच्या, धक्क्याला लागलं होतं. कॅनडातून मसूर भरून निघाल्यापासून एकोणीस दिवस नुसतं पाणी. जहाजावरच्या इंटरनेटवर निरोप जायचे, फोटो उतरायला तास लागायचा, चालता-बोलता चेहरा दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून आज सकाळी त्यानं बारापर्यंतची सुट्टी मागून घेतली होती आणि साडेआठलाच पास दाखवून बंदराच्या फाटकाबाहेर पडला होता. फोनच्या दुकानांची शटरं खाली होती. पाटीवर दहाचा आकडा होता. मग तो चालत राहिला. समुद्राकाठची बाग आणि ताडाची झाडं, टोपलीत चकचकीत मासे मांडणारे दोघं, तीळ लावलेल्या गोल पावांची काचेची गाडी, गॅलरीच्या कठड्यावर गालिचा झटकणारी एक म्हातारी. शहर छान होतं. नऊ महिन्यांतलं हे सातवं. प्रत्येक शहर त्यानं असंच पाहिलेलं, दोन-तीन तासांचं, नेटवर्क शोधता शोधता.

त्यानं फोन काढून त्या खुणेकडे बोट दाखवलं. म्हातारा न्हावी हसला, त्याचा दंड धरून त्याला आत घेऊन गेला आणि आरशाजवळ चिकटवलेला पासवर्डचा कागद दाखवला.

दुकान लहान होतं. दोन खुर्च्या, भिंतीलगत एक बाक. बाकावर एक तरुण बाई बसली होती, एका पायानं बाबागाडी हलवत. गाडीतलं तान्हं झोपलेलं होतं. तिच्या गुडघ्यांना मिठी मारून अडीच-तीन वर्षांचं एक पोर रडत होतं. मुलगा की मुलगी ते कळत नव्हतं, कारण केस खांद्यांपर्यंत आलेले, कुरळे, मानेवर घामानं चिकटलेले. न्हाव्यानं खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून ठेवली होती. पोर फळीकडे बघायचं आणि नव्यानं सूर लावायचं. बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिचा हात थकलेला होता. थोपटत होता, पण मन दुसरीकडे असल्यासारखा.

अंगद बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. चहा आला. साखर तोंडात असूनही कडूपणा गेला नव्हता.

फोनमध्ये परवा आलेला फोटो पुन्हा उघडला. संध्यानं, त्याच्या बहिणीनं, पाठवलेला. तिच्या लेकीचं, अक्कूचं, डोकं वरून घेतलेलं होतं. संध्याच्या दोन बोटांनी केस बाजूला धरलेले आणि मधे लाल पुरळ, दोन ठिकाणी पिकलेले फोड. खाली लिहिलं होतं, "डॉक्टर म्हणतेत केस काढा. मी म्हनलं मामा येऊन राह्यला."

ते लिहिलं तेव्हा तिला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं कळवलं होतं, येत नाही म्हणून.

अक्कूचं नाव आकांक्षा. जन्मल्यापासून तिच्या डोक्याला कात्री लागली नव्हती. पहिल्या वर्षी जावळ काढायचं ठरलं तेव्हा अंगद ब्राझीलच्या वाटेवर होता. तो सुट्टीवर घरी आला तेव्हा तिला दुसरं चालू होतं, आणि संध्याच्या सासरी सम वर्षात जावळ काढत नाहीत. तिसरं लागलं तेव्हा तो कोर्ससाठी बाहेर होता, मग या जहाजावर; आता तेही सतरा दिवसांत संपणार. मामाची मांडी एकच, म्हणून संध्या थांबली होती. चुलत मामा होता, मावस मामा होता, सासूनं दहा वेळा सुचवलं होतं. संध्या म्हणायची, माझा पाठचा भाऊ जिता हाये, मी उसनी मांडी काहून घेऊ? अंगद दहावीत असताना वडील गेले. त्याच्या प्रशिक्षणाचा फॉर्म भोकरदनच्या नेट कॅफेत बसून संध्यानंच भरला होता. समुद्र तिनं कधी पाहिलेला नव्हता. फॉर्मवर "पोहता येते का" असा रकाना होता, तिथं तिनं त्याला न विचारता "होय" लिहिलं आणि मग घरी येऊन त्याला विहिरीत ढकललं.

नऊ महिन्यांचा करार मर्सिनला संपत होता. अंगदनं कळवलं होतं, कंपनी सोडत नाही, अजून दोन महिने. म्हणूनच आज चुलत मामाच्या मांडीवर उरकायचं ठरलं होतं.

कंपनी सोडत होती. त्याच्या जागी येणारा माणूस कळला होता, विमानाचं तिकीट निघालं होतं. चार दिवसांपूर्वी कॅप्टननं वर बोलावून विचारलं, उतरतोस की दोन महिने थांबतोस? पुढच्या परीक्षेला समुद्रावरचे तेवढेच महिने कमी पडत होते, ते एक कारण होतं. कुणाला सांगितलं तर पटण्यासारखं. पण कॅप्टनचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तो "थांबतो" म्हणाला होता, आणि परीक्षा त्याला जिना उतरताना आठवली होती. सही करायला त्यानं कॅप्टनचंच पेन घेतलं. परत देताना टोपण नीट लावून दिलं.

नऊ वीसला फोन वाजला.

पडद्यावर आधी पत्र्याचं छत आलं, फिरता पंखा, मग कुणाचं तरी कोपर, मग संध्याचं कपाळ. कपाळावर मोठं कुंकू, नाकात नथ.

"दिसून राह्यलो का मी?" अंगद म्हणाला.

"दिसलास, दिसलास! आई, बघ, दिसला. जेवलास का?"

"हो."

हा प्रश्न ती कुठल्याही वेळी विचारायची आणि तो कुठल्याही वेळी हो म्हणायचा.

"टायमाला लागला बघ फोन. मला वाटलं लागतोय का न्हाई. बामन कवाचा घाई करून राह्यला."

"आले का मामासायेब?" मागून तुळजाबाईंचा आवाज आला, संध्याच्या सासूचा. फोन त्यांच्याकडे वळला. "काय हो, समुद्राचं पानी मोजून झालं का? किती घागरी भरल्या?"

मागे बायका हसल्या.

"अजून मोजून राह्यलो, मावशी."

"मोजा, मोजा. आमची पोर तवर जटावाली बाबा व्हईन."

"आत्याबाई, असू द्या ना," संध्या म्हणाली. "त्याच्या हातात हाये का काही? कंपनीला काय माया असती का?"

अंगदनं चहाचा रिकामा पेला बशीत ठेवला. तो सरळ बसत नव्हता. त्यानं दोनदा ठेवला.

संध्यानं फोन फिरवून सगळं दाखवलं. अंगणात पत्र्याखाली चटई, पाटाभोवती रांगोळी. भारत सलूनवाला मशीन घेऊन बसलेला, वायर खिडकीतून आत गेलेली. कल्याणदाजींची बहीण, अक्कूची आत्या, पदराचा ओचा करून तयार. केस जमिनीवर पडू द्यायचे नव्हते, तिनं झेलायचे आणि संध्याकाळी नदीत सोडायचे. भिंतीशी अंगदची आई, नंदाबाई, केदारखेड्याहून सकाळच्या गाडीनं आलेली, डोक्यावर पदर घेऊन. तिनं पडद्याकडे बघून नुसता हात हलवला. आणि पाटावर, मांडीवर कोरा टॉवेल अंथरून, चुलतभाऊ मच्छिंद्र.

"अंग्या," मच्छिंद्र ओरडला, "तुझी जागा धरून बसलोय बघ. एस्टीत रुमाल टाकून धरतेत तशी."

"धर, धर. उठू नको."

"मी कुठं उठून राह्यलो? पोरगीच बसंना ना."

अक्कू आली ती दाजींच्या कडेवर. नवा पिवळा फ्रॉक. केस कमरेपर्यंत आलेले, दाट, मागून एकमेकांत अडकून दोरासारखे झालेले. दाजींनी तिला मच्छिंद्रच्या मांडीवर ठेवलं आणि ती लगेच ताठ झाली.

"मामा हाये ना तो," संध्या म्हणाली. "मामाच्या मांडीवर बसत्यात बाळा."

"हा मामा न्हाई," अक्कू म्हणाली. "मामा फोनात ऱ्हातो."

बायका पुन्हा हसल्या. अंगदही हसला. भारतनं मशीन सुरू केलं. त्या आवाजासरशी अक्कूनं असा हंबरडा फोडला की फोनचा आवाज फाटला.

आणि इथं, दुकानात, एकदम शांतता झाली.

कुरळ्या केसांचं ते पोर रडायचं थांबलं होतं. आईचे गुडघे सोडून ते दोन पावलं पुढं आलं. आणखी दोन. अंगदच्या गुडघ्यावर हात टेकवून त्यानं पडद्याकडे मान वाकवली. पडद्यातली मुलगी रडत होती, आणि ते गंभीरपणे तिच्याकडे बघत होतं. रडणं बाहेरून कसं दिसतं ते पहिल्यांदाच कळल्यासारखं. नाकाखाली ओलं होतं, पापण्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली. त्यानं बोट पडद्यावर ठेवलं आणि आईकडे वळून काहीतरी सांगितलं.

न्हाव्यानं बाईकडे पाहिलं. बाईनं अंगदकडे. न्हावी हलक्या पावलांनी आला, फळी काढून भिंतीला टेकवली, आणि अंगदला हातानं खूण केली. आधी खुर्ची दाखवली, मग पोर, मग अंगदची मांडी. मग तळहात छातीवर ठेवून मान तिरकी केली. मेहेरबानी होईल.

अंगद उठला. खुर्चीत बसला. बाईनं पोर उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं, तसं ते फोनसकट त्याच्यात मावलं. वजन त्याच्या अंदाजापेक्षा जास्त होतं. पाठ गरम होती, रडून रडून धापत होती, आणि दोन धापांच्या मधे हळूहळू अंतर पडत गेलं. डोक्याला दुधाचा आणि घामाचा वास. अंगदनं फोन दोघांच्या समोर धरला आणि दुसरा हात पोराच्या पोटावरून घेतला. हात कुठं ठेवायचा ते त्याला आधी कळलं नाही. मग तो आपोआप बसला.

न्हाव्यानं मशीन घेतलंच नाही. छोटी कात्री घेतली, कानामागची एक बट धरली आणि कापली.

बट अंगदच्या गुडघ्यावरून घरंगळली. ती जमिनीवर पडायच्या आत अंगदनं झेलली.

कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या बटेच्या आत त्यानं खिशातून रुमाल काढला, घडी मोडून पोराच्या मांडीवर पसरला. दुसरी बट रुमालात पडली. तिसरी बाहेर गेली, ती त्यानं वाकून उचलली आणि रुमालात ठेवली.

बाबागाडी हलायची थांबली. बाई उठून उभी राहिली होती. ती काहीतरी बोलली, मोठ्यानं नाही, पण आवाज बदललेला होता. तिची नजर रुमालावर होती. न्हाव्याची कात्री हवेत थांबली. परका माणूस, बंदरावरून आलेला, आपल्या लेकराचे केस गोळा करतोय. अंगदला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यानं रुमालावरून हात काढला. समजावायला शब्द नव्हते. त्यानं फोन तिच्याकडे वळवला आणि आत्याच्या ओच्यावर बोट ठेवलं, मग आत्याच्या झेलणाऱ्या हातांवर, मग जमिनीवर. मान हलवली. जमिनीवर नाही.

बाई पडद्यात वाकून बघत राहिली. पाट, रांगोळी, रडणारी मुलगी, ओचा. तिनं न्हाव्याला दोन शब्द सांगितले. ती बसली नाही, पण कात्री पुन्हा चालू झाली.

भोकरदनलाही सगळे बघत होते.

"अगं बया," तुळजाबाई म्हणाल्या. "मामाची मांडी तर भरली की. कुणाचं लेकरू हो ते?"

"हितलंच हाये, मावशी. रडत होतं."

"बघा. तिकडचं लेकरू कसं गप बसलं. आन् आमचं!"

अक्कू मच्छिंद्रच्या मांडीवरून पाटावर, पाटावरून चटईवर घसरली होती. फ्रॉक रांगोळीत भरला होता. दाजी तिला उचलायला वाकले, तेव्हा संध्या मधे आली. तिनं मुलीला कडेवर घेतलं. फोन बहुतेक आईच्या हातात होता, कारण आता तो हलत नव्हता.

"राहू द्या," संध्या म्हणाली.

"काय राहू द्या?"

"न्हाई करायचं आज. भारतभाऊ, बंद करा मशीन."

मशीन बंद झालं. अंगणात नुसता पंख्याचा आवाज राहिला.

"आगं, मुहूर्त निघून जाईन," तुळजाबाई म्हणाल्या.

"जाऊ द्या. अंगद दोन महिन्यांनी यील. चवथं सम हाये, पाचव्या वर्षी करू."

"पाचव्या? आन् तवर? डोक्यात फोडं झालीत लेकराच्या. दोन उन्हाळे काढायचेत तिला ह्या झिंज्यात. तुझ्या हट्टापायी?"

"माझा हट्ट न्हाई आत्याबाई. बघितलं न्हाई का तुम्ही आता? त्याच्या मांडीवर परकं लेकरू गप बसलं. माझीच बसली नसती का?" संध्याचा आवाज चढत नव्हता, म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "मुद्दाम राह्यला का तो? सोडंनात त्याला, तर तो काय करंल? बिलकुल कुणाच्या मांडीवर बसवायची न्हाई मी तिला. मी तेल लावीन, रोज इंचरीन, मी बघीन काय करायचं ते."

अक्कूनं आईच्या खांद्यावर डोकं टाकलं होतं. एका हातानं ती मानेमागं खाजवत होती, झोपेतल्यासारखी, सवयीनं. संध्यानं तो हात धरून खाली घेतला. तो पुन्हा वर गेला.

अंगदच्या मांडीवरचं पोर मान वाकवून तेच बघत होतं. त्याची मान आता उघडी पडली होती. पांढरी, बारीक, मधे एक खळगी. कात्रीचा गार स्पर्श झाला की ती आक्रसायची आणि मग पोर अंगदच्या हाताला आणखी रेलायचं.

"ताई," अंगद म्हणाला.

"तू वाईट वाटून घेऊ नको. तुझं काही—"

"ताई, मला सोडत होते."

"काय?"

"हितंच उतरवत होते मला. तिकीट काढलं होतं. शुक्रवारचं." तो थांबला. "मीच सही केली. थांबतो म्हनलो."

संध्या पडद्याच्या जवळ आली. इतकी जवळ की तिचा एकच डोळा आणि नथीचे मोती दिसत होते.

"काहून?"

परीक्षेचं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं पोराच्या कपाळावर आलेला एक तुटका केस बोटानं बाजूला केला.

"माहीत न्हाई," तो म्हणाला.

अंगणात मच्छिंद्र मांडीवरच्या टॉवेलच्या कडा सरळ करत होता. इथं न्हाव्याला भाषा कळत नव्हती, तरी त्याची कात्री सावकाश झाली होती. बाईनं झोपलेल्या तान्ह्याचं पांघरूण विनाकारण नीट केलं.

संध्या मागं सरकली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या मांडीवरच्या पोराकडे बघत होती. बराच वेळ. मग तिनं अक्कूची मानेमागची बोटं सोडवली.

"मच्छू, नीट बस," ती म्हणाली. "टावेल घे वर. भारतभाऊ, चालवा."

"अगं, पर—" आईचा आवाज.

"आई, तो फोन ठेव तिकडं आन् पाय धर हिचे."

फोन ठेवला गेला. पडद्यावर पत्रा आला, पत्र्यावर फिरणाऱ्या पंख्याची सावली. त्याखाली सगळं ऐकू येत होतं. मशीनची घरघर. अक्कूचा आकांत. मच्छिंद्रचं "झालं झालं झालं, बघ चिमणी, बघ तिकडं कावळा". दाजींचं काहीतरी. मग आकांताचा सूर उतरत गेला. हुंदके, मग हुंदक्यांच्या मधे नाक ओढणं. मग नुसती घरघर.

पोरानं पडद्यावर बोट आपटलं. मुलगी कुठं गेली? अंगदनं खांदे उडवले. दोघंही पत्र्याकडे बघत बसले.

"संध्या," तुळजाबाईंचा आवाज आला. आता त्यात घागरी नव्हत्या. "एक बट राहू दे मागं. मामाच्या नावानं. आल्यावर काढील तो."

मशीन थांबलं.

अंगदनं फोन थोडा वर घेतला, जणू त्यानं पत्र्यापलीकडचं दिसणार होतं.

"नको," संध्या म्हणाली. "सगळे काढा."

मशीन पुन्हा सुरू झालं.

इथलं काम आधी संपलं. न्हाव्यानं मऊ ब्रशनं पोराची मान झटकली, आरसा मागं धरला, बाईला दाखवला. बाईनं मान डोलावली. मग ती अंगदसमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढं केला. अंगदनं रुमालाची चारी टोकं गोळा केली, गाठ मारली आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती गाठ बाबागाडीच्या खणात, दुधाच्या बाटलीशेजारी ठेवली. पोराला उचललं. पोर जाताना वळून अंगदकडे नाही, फोनकडे बघत राहिलं.

मांडी एकदम हलकी झाली. जिथं पोर बसलं होतं तिथं पँट गरम आणि दमट होती.

न्हाव्यानं त्याच्या गालावरून बोट फिरवून विचारलं, दाढी? अंगदनं हात हलवला, नको. पण तो खुर्चीतून उठला नाही.

पत्रा हलला. पडद्यावर संध्या आली. नथ काढलेली होती. मागं चटईवर कुणीतरी अक्कूच्या डोक्याला हळद लावत होतं. फक्त हात दिसत होते आणि एक लहानसं, गोल, पिवळं डोकं, ओळखू न येणारं. ते शांत होतं. हातांच्या तालावर किंचित डुलत होतं.

"झालं," संध्या म्हणाली.

"हं."

"फोडं जास्ती होती. वरून दिसत नव्हती."

"हं."

"आता बसतीन लवकर."

बाहेर रस्त्यावर एक फळ झाडावरून सुटून पडलं आणि घरंगळत गटाराच्या कडेला जाऊन थांबलं. एक माणूस त्याला चुकवून पुढं गेला.

संध्यानं पदरानं मान पुसली. फोन बंद करायला तिचा अंगठा पडद्याकडे आला आणि तिथंच थांबला.

"जेवलास का?"

अंगदनं घड्याळ बघितलं नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "अजून न्हाई."

संध्यानं त्याच्याकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच, नीट.

"मंग जेव," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पडदा काळा झाला. न्हावी ब्रश घेऊन त्याची मांडी झटकायला वाकला. पँटवर दोन-चार केस राहिले होते, बारीक, कुरळे. अंगदनं त्याचा हात अलगद बाजूला केला आणि ते एकेक करून स्वतः वेचू लागला.